नावाची किंमत शून्य

मंगळवार, ९ तारीख

प्रिय सोन्या, प्रिय चिमे,
अनेक आशीर्वाद.

बाबा गेल्यावर काकांनी ज्यांना भागीदारीतल्या कारखान्याच्या दाराबाहेर काढलं, त्या आपल्या तिघांसाठी हे पत्र आहे. त्या दिवशी आईसमोर कागद सरकवून ते म्हणाले होते, "वहिनी, यंत्रांचा वाटा देतो. नावाची किंमत शून्य." नाव बाबांचं होतं. पुठ्ठ्याच्या प्रत्येक खोक्यावर छापलेलं. आईने सही केली, आपण तिच्यामागे उभे होतो.

इकडे आपण तिघांनी काढलेल्या कारखान्यात सगळं ठीक. पुठ्ठा कापायचं नवं यंत्र बसलं. गोंदाचा वास जिन्यापर्यंत जातो, शेजारी कुरकुरतात.

आता मुद्दा. आपल्याला फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट हवा होता. आकड्यांवरून पुढचं ओळखणारा, पैसा कुठे घालावा आणि कुठून पाय काढावा हे सांगणारा. तिघे आले. त्यांच्या उत्तरांचे कागद तुम्हाला पाठवले, तेव्हा त्यांची नावं मी झाकली होती. सोन्या, तू फोनवर म्हणालास, "ताई, पेपर तपासायला दिलेस की काय?" मी हसण्यावारी नेलं.

परीक्षा मीच काढली. एका कंपनीचे आकडे, नाव पुसून. ही कंपनी जगेल की बुडेल, सांगा.

चिमे, ते आकडे काकांच्या कारखान्याचे होते. सरकारदरबारी दाखल असतात, फी भरली की कुणालाही मिळतात.

पहिला उमेदवार नफा बघून भुलला. दुसऱ्याने रंगीबेरंगी तक्ते काढले, भिंतीवर लावण्याजोगे. तिसरी म्हणाली, "मॅडम, यंत्रं जुनी आहेत. मालमत्तेत सगळ्यात मोठा आकडा गुडविलचा, म्हणजे नावाच्या किमतीचा. मालकाने जुनी भागीदारी स्वतःच्याच नव्या कंपनीला विकली आणि तो आकडा फुगवला. त्यावर कर्ज काढलं. बँकेने टाचणी लावली की संपलं."

"मालक कसा वाटतो?"

"हटवावा असा."

"जुन्या भागीदाराला या नावाचे किती दिले असतील?"

तिने पेन खाली ठेवलं. "काहीच नाही. पहिल्याच पानावर ओळखलं मी, ताई."

हो, ताई. ती काकांची मुलगी आहे. आपली ठकी.

अर्ज आला तेव्हाच मला ते माहीत होतं, म्हणून तर तो पेपर काढला. मला तिला रडताना बघायचं होतं. बापाचा पंचनामा तिच्याच तोंडून ऐकायचा होता. पंचनामा मिळाला. रडणं काही मिळालं नाही.

मी चिडून विचारलं, "बापाविरुद्ध बोलतेस, लाज नाही वाटत?"

"वाटते ना. त्यांचीच वाटते. हा फुगा त्यांना दाखवला, तर म्हणाले, पोरीच्या जातीने बेरजा कराव्यात, अक्कल शिकवू नये. कारखान्यातलं माझं टेबल माझ्या मामाला दिलं."

"मग आम्ही तुला का घ्यावं?"

"वर्षभरात बँक कारखाना विकायला काढेल. तेव्हा किती बोली लावायची ते मी काढून देईन. मामाला ते जमायचं नाही."

चिमे, तू म्हणशील, त्या घरातलं कुणी नको. सोन्या, तुला यात डाव दिसेल. तिचं गणित मी आपल्या ऑडिटरकडून तपासून घेतलंय. आणि मला सांगा, इतकी वर्षं आपण काकांना शिव्या दिल्या, त्यांचं काय वाकडं झालं? शिव्या देऊन आपलाच घसा बसला. लोक याला सूड म्हणतील. म्हणू देत. मी त्याला न्यायाचं गोंडस नाव देणार नाही. मला तो कारखाना हवाय, खोक्यांवरचं ते नाव हवंय, आणि ते मिळवून देणारी काकांचीच मुलगी असावी, हेही हवंय. तिला भरघोस पगार हवाय, दया नको. देऊ.

तिला दुसरीकडूनही बोलावणं आहे. शुक्रवारपर्यंतच थांबणार आहे. सोबत नेमणुकीचा कागद जोडलाय, माझी सही झाली आहे. भांडायचं असेल तर घरी या, जेवून भांडू. त्याआधी दोघांनी त्यावर सही करा आणि कागद हाती पडेल त्याच दिवशी परत पाठवा.

माफ करायला न शिकलेली,
तुमची ताई