बेटावरचा निरोप

१४ ऑक्टोबर
सोयाबीन घरात आलं एकदाचं. मळणीचा धुरळा अजून नाकात आहे. आमच्या वैशूचा फोन दुपारी. तिकडच्या गावातून हा शेवटचा म्हणे. उद्या बोटीनं उत्तरेकडच्या खाडीवर जाणार, तिथं एक लाकडी झोपडी आहे, तिथं हिवाळाभर राहणार. हवामानाची यंत्रं सांभाळायची आणि हरणं मोजायची. सोबत एक म्हातारा शिकारी. फेब्रुवारीत सूर्य दिसायला लागला की परत गावात.

मी म्हणालो, हरणंच मोजायची तर आपल्या तुरीत मोज की, फुकट दाखवतो. हसली. सौ. नं शिकाऱ्याचं नाव विचारलं. ओले. "ओले? भिजलेलं नाव ठेवलं का बाई त्याच्या मायनं!" दोघी मायलेकी किती वेळ खिदळत होत्या. मी आपला फोनचा आवाज वाढवत बसलो.

१९ ऑक्टोबर
गोरेगावच्या बाजारात जो भेटेल तो विचारतो, सर, पोरगी कुठंय? उत्तर ध्रुवाजवळचं स्पिट्सबर्गेन म्हणून सांगायचं सोडून दिलं. बेटावर आहे म्हणतो. दामूअण्णा म्हणाला बेटात कशाला गेली, साप-किडूक असतं. त्याला बांबूचं बेट वाटलं. वसमत सोडून पुढं न गेलेला माणूस, त्याला काय बोलायचं. येलदरी धरणाच्या पाण्यात उन्हाळ्यात टेकाड उघडं पडतं ना, तसं बेट, म्हणून सांगितलं. मान हलवली. पटलं नाही.

सौ. लाही तेच सांगितलंय. टेकाड. फक्त तिथं झाड नाही. एकही नाही. हे सांगितल्यावर ती म्हणाली, मंग सावलीला कुठं बसतात? मी उठून बाहेर गेलो.

२७ ऑक्टोबर
वै. चा निरोप रोज एक येतो. आकाशातल्या उपग्रहावरून चालणारं डबडं आहे तिच्याकडं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते, ओळ-दोन ओळी. आजचा: सूर्य गेला. आता साडेतीन महिने नाही. दुपारी थोडा उजेड पडतो, तोही जाईल. पक्षी बहुतेक सगळे दक्षिणेला गेले. हरणं राहिली, आखूड पायांची, बर्फ उकरून शेवाळ खातात. एक कोल्हा झोपडीभोवती असतो, पांढरा होत चाललाय.

बत्तीस वर्षं मी हा धडा शिकवला. अर्ध्या पानाचा. सहा महिने दिवस, सहा महिने रात्र, पांढरी अस्वलं, पेंग्विन. आठवीत असताना वै. वर्गात उभी राहिली, सर, पेंग्विन उत्तरेला नसतात. खाली बस म्हणालो. बसली. घरी येऊन पुस्तक काढून बघितलं तर पोरगी बरोबर. तिला मात्र कधी बोललो नाही तसं. कोणता बाप बोलला असता? बोलायला पाहिजे होतं.

९ नोव्हेंबर
वाचत बसतो. नको तेवढं वाचतो. त्या बेटावर चारशे वर्षांपूर्वी देवमासे मारायला लोक यायचे. किनाऱ्यावर चरबी उकळायची, समुद्र तेलकट व्हायचा. मासे संपले, लोक गेले, थडगी राहिली. जमीन खालून गोठलेली, पुरलेली पेटी वर ढकलते म्हणे. गाडलेला माणूससुद्धा तिथं गाडलेला राहत नाही.

एका हिवाळ्यात सामानाच्या राखणीला सात माणसं मागं ठेवली, ती जगली. पुढच्या वर्षी दुसरी सात ठेवली. वसंतात जहाज आलं तर सातही मेलेली. दात सडून, अंग सुजून. त्यांची रोजनिशी सापडली.

सौ. नं विचारलं काय वाचून राहिले एवढं. म्हणालो, सोयाबीनचे भाव.

२२ नोव्हेंबर
निरोप: "झोपडीभोवती पावलं. आपल्या ताटाएवढी. दाराशी थांबून गेलंय. बंदूक आहे, काळजी नको. ओलेला खोकला."

काळजी नको म्हणे. अस्वल दाराशी थांबलं, ते कशाला? विचार करायला? सौ. ला फक्त खोकल्याचं वाचून दाखवलं. तिनं लगेच अडुळसा, मध, सुंठ असं सांगायला सुरुवात केली आणि मला तसंच लिहायला लावलं. लिहिलं. तिथं कुठला अडुळसा.

४ डिसेंबर
चार दिवस निरोप नव्हता. दोन दिवस जेवण गेलं नाही. आज आला, लांबलचक, दोन तुकड्यांत. वाऱ्यावर चालणारी विजेची चक्की मोडली. डबडं चार्ज होत नाही, जपून वापरणार. बर्फावरच्या गाडीचा पट्टा तुटलाय. दक्षिणेला एक दिवसाच्या वाटेवर दुसरी झोपडी आहे, तिथं जुनं रेडिओयंत्र आहे. ओले म्हणतो मी जाऊन आणतो. पण त्याच्या छातीत दुखतंय, वै. त्याला जाऊ देत नाहीये.

इथं थंडी पडलीय. तुरीच्या शेंगा भरल्या. रोही रात्रीतून दोन ओळी खाऊन गेले. मी आज शेतात उभा होतो आणि एकदम वाटलं, ही पोरगी तिकडून सुटणार नाही. का वाटलं ते माहीत नाही. मला भीती वाटते. लिहून टाकलं, बस.

८ डिसेंबर
सकाळी निरोप. जसाच्या तसा इथं उतरवतो.

"ओले गेला. मी एकटी. येते."

एवढंच. त्यानंतर काही नाही. मी सहा वेळा उलट विचारलं. पोचलंच नाही बहुतेक.

सौ. ला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून बसली. "गेला म्हंजी कसा गेला?" मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. रेडिओ आणायला गेला, असंच मी वाचलं होतं. छातीत दुखत होतं त्याच्या. मेला असेल तरी आपण गेलाच म्हणतो. पोरीला बर्फात मेलेल्या माणसाबद्दल मेला लिहवलं नसणार.

९ डिसेंबर
तिच्या कॉलेजच्या सरांना कळवलं, त्यांनी तिकडच्या गावाला कळवलं. संध्याकाळी पाच वाजता तिथल्या कचेरीतल्या एका बाईंचा फोन. स्वच्छ इंग्रजी, सावकाश बोलल्या, माझ्यासाठीच असेल. संकटाचं तांबडं बटण असतं डबड्यावर, ते दाबलेलं नाही. चार्ज संपला असेल, किंवा गरज नसेल. खाडीवर वादळ आहे, हेलिकॉप्टर दोन दिवस निघणार नाही. मग थोडा वेळ वारा पडेल, तेवढ्यात एकच फेरी होईल. झोपडीकडं जावं, की दक्षिणेच्या दरीतली, दुसऱ्या झोपडीकडची वाट धुंडावी? दोन्हीला वेळ पुरणार नाही. बर्फावर चालत असेल तर आधी तिला गाठलं पाहिजे. झोपडीत आजारी पडली असेल तर झोपडी.

निरोपातला शेवटचा शब्द त्यांना कळला नव्हता. भाषांतराच्या यंत्रात घालून बघितला, काहीतरी भलतंच आलं. मला विचारलं. मी खडाखडा सांगितलं, येते म्हणजे ती निघाली आहे, येते आहे. दक्षिणेला बघा. शिकवायचोच मी आयुष्यभर. बाईंनी आभार मानले.

फोन ठेवला आणि जरा बरं वाटलं. दोन पोळ्या खाल्ल्या.

१० डिसेंबर
सौ. नं सकाळी चहा ठेवता ठेवता विचारलं, त्या बाईला काय सांगितलं. मी सांगितलं. पातेलं तसंच हातात धरून उभी राहिली.

म्हणाली, पोरगी फोन ठेवताना दर वेळी येते म्हणते. आपल्यात जाते कोण म्हणतं? मी लहानपणी गालात मारलं होतं तिला, शाळेत निघताना जाते म्हणाली म्हणून. तवापासून येतेच म्हणते.

हिंगोलीच्या स्टॅंडवर गाडीत चढताना "येते बाबा" म्हणाली होती, त्याला सव्वा वर्ष झालं. शब्द तोच. जाणारा म्हणतो. बाजाराला जाणारा म्हणतो आणि परदेशी जाणारा म्हणतो. माझ्या आजीनं शेवटच्या दुखण्यात सगळ्यांकडं बघून येते म्हटलं होतं, तेही आठवलं, नको असताना. म्हणजे वै. नं निरोप घेतला असेल तर? ओले मेला, मी एकटी, बरं येते. झोपडीत पडून असेल आणि मी हेलिकॉप्टर दक्षिणेला पाठवतोय.

बाईंना फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला. इंग्रजीत निरोप ठेवायला सांगतात, ठेवला, काय बोललो देव जाणे. दिवसभर बोलायला गेलं की दोघांच्याही तोंडात तोच शब्द येतो.

दामूअण्णा गूळ घेऊन आला होता, ताज्या गुऱ्हाळाचा. लेकीला पाठवा म्हणाला. कसा पाठवू रे, म्हणालो, आणि त्याच्यापुढंच रडलो. तो पण बसला मग, अर्धा तास.

११ डिसेंबर
साडेअकराला फोन. तिकडं सकाळचे सात. वारा पडलाय. तासाभरात निघणार. माझा निरोप बाईंना मिळाला होता, पण अर्धवट. त्यांनी सरळ विचारलं: ती येत आहे, की ती निरोप घेत आहे?

मी म्हणालो, शब्दावरून सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही वडील आहात, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, मला माहीत नाही. असं मी आयुष्यात कुणाला म्हटलं असेल असं वाटत नाही. मग त्या म्हणाल्या, तुमच्या भाषेत हे दुसऱ्या कुणाला कळेल?

सौ. शेजारीच होती. इंग्रजी कळत नाही तिला, पण माझं तोंड वाचत होती. हात पुढं केला. मी फोन दिला. कशाला दिला मलाच कळलं नाही.

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. आवाज अजिबात हलला नाही.

"बाई, माझं लेकरू येऊन राहिलं. वाटेत बघा."

मला फोन परत दिला आणि आत जाऊन बसली. यात दोन अर्थ निघत नाहीत. येऊन राहिलं म्हणजे पाय वाटेवर आहेत, आत्ता, या घडीला. पण पोरीनं तसं लिहिलं नव्हतं. तसं तिच्या मायला हवं होतं.

बाई विचारत होत्या, काय म्हणाल्या त्या? थांबायला वेळ नव्हता. मी आतल्या दाराकडं बघितलं. मग तिनं सांगितलं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

"म्हणजे दक्षिण?"

हो म्हणालो.