ओढ्यात सापडलेली शीट

पौड,
३ मे २०२४

चि. गौतमीस,
फुलाआत्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू बघते म्हणतीस आणि विषय संपतो, म्हणून कागदावर लिहितीय. आता उत्तर द्यावं लागंल.

परवा तुमच्या कंपनीची माणसं आली. चार वर्सांमागं आपल्या विहाराच्या स्लॅबवर तू स्वतः उभी राहून टाकून घेतलेली, गळती थांबवायची प्लॅस्टिकची करडी शीट त्यांनी काढली. चाचणीची मुदत संपली म्हणाले, नवी पांढरी टाकली. काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. चार पावसाळे एक थेंब आत आला न्हाई. जुनी शीट टेम्पोत भरताना म्हणाले, ही कारखान्यात वितळणार, हिची परत शीटच व्हणार. आमी चहा पाजला त्यांना.

काल सकाळी ओढ्यावर गेले तर तीच शीट तितं टाकलेली! तुझ्या हातचे निळे आकडे हायेत तिच्यावर. आणिक कुटल्या कुटल्या इमारतींच्या पण हायेत. शेजारचा कोंडिबा त्यातली एक पेटवायला निघाला होता, त्याला हाकलला.

ही शीट कधी कचरा व्हणार न्हाई, असं तू विहारात सगळ्या बायांसमोर म्हणालीस. त्या मला इचारतायत. काय सांगू? भाचीनं थाप मारली?

येळेवर जेवत जा. राग हाय तोवर माया हाय, एवढं धरून चाल.

तुझी,
फुलाआत्या


सूस,
९ मे २०२४

ती. आत्यास,
गौतमीचा सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला कामच सुचलं नाही. थाप मी मारलेली नाही, आत्या. बाजारातल्या शीटमध्ये प्लॅस्टिक एक आणि आतली जाळी वेगळीच असते, ती सुटी करता येत नाही, म्हणून ती वितळवून उपयोग नसतो. आम्ही जाळीही त्याच प्लॅस्टिकची केली, सांधे डिंकाऐवजी गरम हवेने जोडले. तिच्या चाचण्यांत माझी चार वर्षं गेली.

पत्र घेऊन मी थेट जुनी शीट वितळवायच्या मशीनवर गेले. ते ताडपत्रीखाली झाकलेलं. ते चालवणारे विलासकाका खाली बघत म्हणाले, तीन महिने झाले, बटण दाबलं नाही. जुनं धुवायचं, कापायचं म्हणजे कटकट. प्लॅस्टिकचे नवे दाणे आणणं सोपं.

मग साहेबांकडे गेले. ते हसून म्हणाले, रिसायकल होऊ शकते एवढंच आपण छापलंय, आपण करतो असं कुठं लिहिलंय? वर माझ्यापुढे अहवाल सरकवला. नव्या शीटमध्ये तीस टक्के जुना माल आहे, यावर मी सही करायची. विचार करते म्हणून बाहेर आले. तिथेच फाडायला हवा होता.

तू रागव, पण मला परकी करू नकोस.

तुझी,
गौतमी


पौड,
१४ मे २०२४

चि. गौतमीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला थापाडी म्हणाले, ते माघारी घेते. बाकीचा राग तुझ्या सायबाच्या नावानं ठेवलाय.

आमी सात जणी ओढ्यात उतरलो. लीलाबाईचा पाय घसरला, तरी शिव्या देत वर आली. एक्केचाळीस तुकडे काढले, धुतले, वाळवले. गावातला एक शहाणा म्हणाला, गोठ्यावर टाका की, फुकटात छप्पर. मी म्हणाले, फुकट कशाला? ज्याचं हाय त्याच्या दारात नेऊन टाकणार. पुढच्या मंगळवारी टेम्पो घेऊन येतोय. गेटवर तू येऊ नकोस, तुझी नोकरी हाय.

पण त्या कागदावर सही केलीस तर माझ्या घरी पाऊल टाकू नकोस. लई स्पष्ट लिहिलं का? असू दे.

तब्येतीला जप, आत्याचं बोलणं मनाला लावून घे.

तुझी,
फुलाआत्या


सूस,
२ जून २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

साहेब तुम्हाला मागच्या गेटनं या म्हणाले आणि तू टेम्पो पुढच्याच गेटवर आडवा लावलास, तेव्हा मी खिडकीत होते. तू नको म्हणालीस म्हणून खाली आले नाही, याची लाज वाटते. तुम्ही गेल्यावर काय झालं ते ऐक.

सूसच्या ज्या सोसायटीला शीट विकायची होती, तिच्या सेक्रेटरी मृण्मयीताई त्याच वेळी आत बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. मशीन दाखवा म्हणाल्या. साहेबांचा नाइलाज झाला. विलासकाकांनी ताडपत्री ओढली. तुमचे एक्केचाळीस तुकडे कापले, वितळले, आणि संध्याकाळी अख्खा रोल निघाला. मी तो ताणला, दुमडला, सुईच्या टोकाएवढीही चीर नाही. मी तिथेच रडले.

मग साहेबांच्या अहवालावर सही न करता मी माझा अहवाल लिहिला. ही शीट पुन्हा वितळते आणि तितकीच टिकते. मात्र आजच्या आधी तीन महिने कंपनीने एकही वितळवलेली नाही. खाली सही केली. साहेब म्हणाले, दुसरं वाक्य काढ. मी म्हणाले, मग पहिलंही काढा. त्यांनी कागद फाडला. पण मृण्मयीताईंच्या हातात मी प्रत आधीच दिली होती. त्यांनी मशीन रोज चालू दिसेपर्यंत ऑर्डर थांबवली.

मला सोमवारपासून येऊ नका सांगितलं. चार वर्षांचं काम, आत्या, आणि निघताना शिपायानं माझी पिशवी तपासली!

काल विलासकाकांचा फोन आला. त्यांनी नुसता फोन मशीनजवळ धरला. ते चालू होतं. मी बराच वेळ ऐकत उभी राहिले. राग काही गेला नाही. तो जावा, असं मलाही वाटत नाही.

पुढच्या रविवारी घरी येते आहे. दार उघडं ठेव.

तुझी,
गौतमी