दोन मारवे

अहो,

मी शिवाजीनगरला दाणी भाऊजींकडे रेकॉर्डिंग ऐकायला चालले आहे. हो, जिथून तुम्ही गेल्या रविवारी भांडून उठलात, त्याच बैठकीला.

त्या दिवशी गवयांची नावं न सांगता दोन मारवे ऐकवले होते. दुसरा सगळ्यांना आवडला, तर तुम्ही म्हणालात, "कोण हा शिकाऊ? कान आहेत की नाहीत तुम्हाला?" तो तुमच्याच लाडक्या बुवांचा होता, त्यांच्या तरुणपणीचा. कॅसेट आपल्याच कपाटात मागे पडलेली. मीच भाऊजींना दिली. तीस वर्षं घरात दुसऱ्या कुणाचं गाणं लागू दिलं नाहीत, म्हणून गंमत करावीशी वाटली.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगू नका, गाणं ऐकणं सोडतील." पण आठवडाभर तुम्ही टेपला हातसुद्धा लावला नाहीत. घर खायला उठलंय. म्हणून सांगून टाकलं.

खिचडी कुकरमध्ये आहे, तूप तेवढं गरम करून घ्या. राग उतरला तर या, पाचला सुरू होईल. तुमची खुर्ची ठेवायला सांगते. फक्त आज ऐकून झाल्यावर आधी मी बोलणार आहे.

कमलिनी