उपाशीपोटी पाठांतर

४ फेब्रुवारी
चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी निशाच्या रक्तातली अमिनो आम्लं तपासायला सांगितली. नात पाच वर्षांची. ऑटिझम आहे, हे मागेच कळलं. स्वतःहून बोलत नाही. ऐकलेलं कधीमधी जसंच्या तसं म्हणते. घंटागाडीचं गाणं म्हणते. माझ्या तोंडची ओळ अजून एकही नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यावरून ऑटिझम ठरत नाही, जातही नाही. शरीरात दुसरा काही दोष नाही ना, एवढंच बघायचं. वयानं लहान आहेत. मी काय ते ओळखलं.

५ फेब्रुवारी, सकाळी
मोबाइलवर अभ्यास पूर्ण. प्रोटीन म्हणजे कविता, अमिनो आम्लं म्हणजे तिची अक्षरं. एक अक्षर कमी पडलं की चाल मोडते. निशाचं तेवढंच झालं असणार. रिपोर्टात अक्षर सापडेल, टॉनिक मिळेल, पाडव्यापर्यंत पोरगी माझ्या चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणेल.
शेजारच्या लटारूला समजावलं. तो म्हणाला, भाऊ, तुमी तं पेपर मिलच्या स्टोअरात होते ना? जळतो.

८ फेब्रुवारी
रोज काव्यवाचन सुरू. ओळीचं शेवटचं अक्षर लांबवून, आमच्या शाळेत शिकवलं तसं. निशा चिंचोके रांगेत मांडत होती. मी ओळ संपवली की एक चिंचोका. यमक कळतं तिला.
बायको आशाबाई म्हणते, तुमी थांबले तरी ते मांडूनच राह्यली होती. तिला काव्याचं अंग नाही.

११ फेब्रुवारी
उद्या रक्त, उपाशीपोटी द्यायचं. मागच्या वेळी सुई बघून निशा दिवसभर खाटेखाली होती. चुकून काही खाल्लं तर तिला पुन्हा उपाशी ठेवणं, पुन्हा नेणं आलं; ते नको. पहारा मीच मागून घेतला. सूनबाई दिव्यानी म्हणाली, "मामाजी, पाण्याशिवाय काईच नाई." म्हटलं, शाळेत मॉनिटर होतो मी.

१२ फेब्रुवारी, सकाळी
पहारा चोख. बिस्किटांचा डबा कपाटावर. निघताना मात्र लक्षात आलं, पोरीच्या हातावर दहीसाखर कोणीच दिली नाही! आमच्या घरून महत्त्वाच्या कामाला त्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. मुलगा अजय दहावीला तसाच गेला होता. गणिताचं काय झालं ते बल्लारपूरला ठाऊक आहे.
चमचाभर दिलं. ते खाणं नव्हे, शकुन. दिव्यानी चप्पल शोधत होती.

त्याच दिवशी, दुपारी
लॅबमधल्या मुलीनं विचारलं, उपाशी आहे ना? दिव्यानी हो म्हणाली. मी पंख्याकडे बघत होतो. तेवढ्यात निशा बोलली. स्वच्छ. माझ्याच चालीत, शेवट लांबवून:
"चाट लवकर, आईले सांगू नको बाळाऽऽ."
सुई परत ठेवली गेली. नवी तारीख मिळाली. बल्लारपूरला बसमधून उतरल्यावर दिव्यानी एवढंच म्हणाली, "झालं मामाजी तुमचं पाठांतर."

१७ फेब्रुवारी
रक्त दिलं. मला नेलं नाही. निशा खाटेखाली आहे. मी खाटेवर. वाचन बंद.
आशाबाईनं घरातलं दही लटारूकडे नेऊन ठेवलं.

६ मार्च
रिपोर्ट आला. सगळी अमिनो आम्लं जागच्या जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगली गोष्ट आहे. आहेच. पण अक्षर कमी नव्हतंच म्हणायचं. पाडवा जवळ आला आहे.
सवयीनं पुस्तक उघडलं. निशानं ते मिटलं, माझं बोट धरून फ्रिजसमोर नेलं आणि आपली ओळ म्हणाली. पूर्ण. एक अक्षर चुकलं नाही.
वाटी घेऊन लटारूकडे गेलो. तो दारातच म्हणाला, "आशाबाईनं तुमाले द्याले मनाई केली, भाऊ."