तब्येत विचारत नाही

तीर्थस्वरूप भावोजींना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते, हे आईनं लहानपणीच शिकवलंय. तरी मी विचारत नाही. राग मानू नका. फोन केला असता, पण फोनवर माझ्या तोंडातून पहिला प्रश्न तोच निघतो.

आपल्या कंपनीची ज्येष्ठता यादी तुम्हाला मी काय सांगणार? (तिच्यात पहिले तुम्हीच.) कोण विमान कसं चालवतो ते राहू दे, आधी कोण लागला ते बघायचं, वरचा हलल्याशिवाय खालच्या सहवैमानिकाला कॅप्टनची खुर्ची नाही. मी सहा वर्षं पाचवा होतो. केस सरले, नंबर सरला नाही. मग एका सकाळी चहाच्या यंत्रापाशी चौथ्या नंबरच्या ढेरपोट्याला सहज विचारलं, तब्येत कशी? म्हणाला, ठणठणीत! आठवड्यानं वैद्यकीय तपासणीत त्याचा डावा कान ठार बहिरा निघाला. लायसन्स गेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, म्हणून मी सोडून दिलं. नंतर तिसऱ्याला विचारलं, तर त्याला बसल्या जागी खोली फिरताना दिसू लागली. दुसऱ्याला लिफ्टपाशी विचारलं, आणि त्याला तांबडा दिवा हिरवा दिसू लागला. आता मी क्रू-रूममध्ये शिरलो की सगळे उठून जातात. टेबलावर वाफाळते कप तेवढे असतात. तपासणीचे डॉक्टरसुद्धा माझा रक्तदाब मोजताना वर बघत नाहीत (मी काही विचारीन म्हणून).

खरं सांगतो, भावोजी. पहिल्या दोघांच्या वेळी मला काही ठाऊक नव्हतं. लिफ्टच्या वेळी ठाऊक होतं. दार बंद होत होतं, गप्प बसता आलं असतं. मी दारात पाय घालून विचारलं. त्याला दोन लहान मुली आहेत. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

आता माझ्यावर फक्त तुम्ही, तेही तीन दिवस आधी लागलात म्हणून. जागा एक, सोमवारी भरणार; तुमची तपासणी शनिवारी. ताईकडे बघून ठरवलंय, तोवर तुमच्याशी बोलायचंच नाही.

आपला मेहुणा
(यादीत दुसरा)

ता. क. : किंवा तुम्हीच ती जागा मला सोडा, म्हणजे प्रश्नच मिटला. अर्ज टाइप करून सोबत जोडलाय. सही तेवढी करा.

ता. क. २ : पाकीट चिकटवतानाच ताईचा फोन आला. अगदी जपून बोललो. पण ठेवता ठेवता सवयीनं निघालंच, घरी सगळे बरे ना? ती म्हणाली, सगळे ठणठणीत. सगळ्यांत तुम्हीही आलात.

ता. क. ३ : अक्षर धूसर दिसत असेल, तर पत्र ताईकडून वाचून घ्या. सही कुठे करायची, तेही ती बोट धरून दाखवील.