मुकादमाची काळी चौकट

ब्याला रेका,
रविवार, १७ जानेवारी १९९३

ती. नेद्याल्काताईस,
धाकट्या दोन्काचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या माशांचं पुडकं, दोन्ही पोचलं. मासे आठवडाभर पोस्टमनच्या पिशवीत होते. आता गल्लीतली यच्चयावत मांजरं त्याच्या मागे फिरतात. त्याने तुला निरोप दिलाय की पुढच्या खेपेला मुरांबा पाठव.

कारखान्याचं विचारलं होतंस. रशियाची मागणी बंद झाल्यापासून मोज्यांचे गठ्ठे छताला टेकलेत. अख्ख्या देशाने दोन-दोन जोड एकावर एक घातले तरी संपायचे नाहीत. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मेतोदी मुकादम कँटीनच्या दारावर यादी डकवतो. पाच नावं असतात. डकवली की मान खाली घालून चालू लागतो, कोणाकडे बघत नाही. मग बायका रडतात. ज्यांचं नाव नसतं त्या जास्त रडतात, कारण त्यांना आधी हायसं वाटलेलं असतं आणि मग त्याची लाज वाटते. मीही त्यांतलीच.

परवाच्या यादीत गिन्काचं नाव आलं. एकोणीस वर्षं ती माझ्या शेजारच्या मशीनवर मोज्यांची टोकं शिवत होती. जेवणानंतर कोणी कोणाशी बोलेना. मला ते सोसवेना बघ. कारखान्याचं भिंतीवरचं वार्तापत्र बारा वर्षं मीच हाताने लिहायचे, तो टाक आणि शाई अजून माझ्या खणात आहे. एक कागद घेतला, भोवती जाड काळी चौकट आखली, वर क्रूस काढला आणि गिन्काचं शोकपत्रक लिहून टाकलं. आपल्या घराच्या फाटकावर बाबांचं लावलंय ना, हुबेहूब तसं. लिहिलं की, अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की एकोणीस वर्षं परक्यांच्या पायांची काळजी वाहून, स्वतःच्या मोज्याला भोक असतानाच, गिन्का आमच्यातून आपल्या घरी गेली. सांत्वनाला येणाऱ्यांनी पेला आपापला आणावा.

कारखान्याच्या फाटकावर पहारा करणाऱ्या स्पासआजोबांनी पिठाची खळ करून दिली आणि यादीच्या शेजारी कागद लावला. गिन्काने वाचलं आणि हसता हसता गठ्ठ्यावरच बसली. म्हणाली की जायचंच आहे तर असं रीतसर जावं. कागद सोडवून घरी घेऊन गेली. आता बाकीच्या चौघीही आपापला मागताहेत.

एकच टोचतं. वाक्यं मी बाबांच्या पत्रकातून उचलली. त्यांना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. पाप तर नाही ना लागणार?

कळावे, लोभ असावा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
दोन्का


वार्ना,
मंगळवार, २६ जानेवारी १९९३

चि. दोन्कास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी धक्क्यावरच्या आमच्या खानावळीत मोठ्याने वाचलं. दोन खलाशी आणि तुझे भावोजी पोट धरून हसले. भावोजींना आता स्वतःचं शोकपत्रक हवंय. त्यात काय लिहायचं ते मी सांगितलं, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे घरात दोन दिवस सुखाचे गेले.

बाबांची काळजी सोड. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीत पाद्रीबुवांची टोपी वाऱ्याने उडाली तेव्हा सगळ्यांत आधी हसलेला माणूस तो. त्यांची वाक्यं तुझ्या उपयोगी पडली तर त्यांना बरंच वाटेल.

पण मोठी म्हणून एक सांगते आणि तू ते ऐकायचंस. ज्याने मागितलं त्याचंच लिही. स्वतःच्या मरणावर माणूस हसतो ते स्वतःहून. दुसऱ्याने हसवायला गेलं की ते वेगळं होतं. तुझी जीभ लहानपणापासून तुझ्या आधी घराबाहेर पडते, हे मी सांगायला नको.

आणि तो मेतोदी म्हणजे तुझ्या लग्नात टेबलावर नाचला तोच ना? त्याला फार टोचून बोलू नका. यादी वाचणारीला एकदाच वाचायची असते, लिहिणाऱ्याला दर आठवड्याला लिहायची असते.

मुरांब्याची बरणी निघाली आहे. पोस्टमनला सांग, झाकण उघडू नये.

आणखी काय लिहू? तब्येत सांभाळ, मोजे घाल, कारखान्यात तोटा नाही.
तुझी,
ताई


ब्याला रेका,
गुरुवार, ११ फेब्रुवारी १९९३

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं ऐकलं नाही. पुढे वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

गेल्या शुक्रवारच्या यादीत आमच्यातल्या मित्रा नावाच्या बाईचं नाव होतं. तिच्या नवऱ्याची नोकरी नाताळातच गेली आहे. ती दाराशी उभी राहून तीनतीनदा वाचत होती आणि मेतोदी नेहमीसारखा पाठ फिरवून निघून गेला. माझं डोकं फिरलं. मी तिचं पत्रक लिहिलं नाही, त्याचं लिहिलं. आदर्श कामगारांच्या जुन्या फळ्यावर त्याचा फोटो अजून होता, तो स्पासआजोबांकडून फळ्याच्या कपाटाची किल्ली घेऊन सोडवला आणि चौकटीत चिकटवला. खाली लिहिलं की मेतोदी मुकादमाचं हृदय फार वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं, डॉक्टरांच्या ते आत्ता लक्षात आलं. ताई, महिन्याभरात पहिल्यांदा सगळं दालन हसलं. मित्रासुद्धा हसली. मला वाटलं, मी मोठं काम केलं.

सोमवारी दारावर तो कागद नव्हता. आम्हाला वाटलं, त्यानेच फाडला असेल. पण त्याच्या गावच्या, गोर्ना लिपाच्या, कोणीतरी बाईने तो पिशवीतून नेला आणि गंमत म्हणून तिथल्या बस थांब्यावर इतर मयतांच्या पत्रकांच्या मधोमध लावला.

त्या गावात त्याची आई राहते. त्राफिन्काआजी, वय त्र्याऐंशी. तिला बारीक अक्षर दिसत नाही. काळी चौकट दिसली आणि मुलाचा फोटो दिसला. आणखी काय वाचायचं असतं?

काल दुपारी ती बसमधून आमच्या फाटकाशी उतरली. एका हातात मयतीला वाटतात त्या साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं पातेलं, फडक्यात बांधलेलं. काखेत त्याचा काळा सूट, इस्त्री केलेला. मी तिथेच बाहेर उन्हात उभी होते. तिने मलाच विचारलं की बाई, मेतोदीला कुठे ठेवलाय, त्याला कपडे घालायचे आहेत. रडत नव्हती. अंग ताठायच्या आत बाह्या घालायला हव्यात, म्हणून तिला घाई होती.

स्पासआजोबा आत पळाले आणि मेतोदीला घेऊन आले. त्याच्या केसांत मोज्यांचा कापूस होता. आजीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान चाचपले आणि मग फाडकन त्याच्या थोबाडीत मारली. मग ती तिथेच खाली बसली. त्याने तिला उचलून स्पासआजोबांच्या खुर्चीवर बसवलं. सूट चिखलात पडला होता, तो मी उचलला. तेवढंच केलं.

नंतर मेतोदीने विचारलं की हे कोणी लिहिलं. सगळ्या बायका खाली बघत होत्या, मीही. फळ्याच्या कपाटाची किल्ली स्पासआजोबांकडे असते, म्हणून डायरेक्टरसाहेबांनी त्यांनाच धरलंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत नाव कळलं नाही तर यादीत त्यांचं नाव घालणार आहेत. आजोबांना सगळं ठाऊक आहे. त्यांनी मला फक्त डोळ्याने खूण केली की गप्प राहा.

आणि मी गप्प आहे, ताई. सांगितलं तर मी जाईन, आणि आमच्या घरात आता माझंच एक काम उरलंय. नाही सांगितलं तर आजोबा जातील. जेवायला बसले की गव्हाचं पातेलं आठवतं.

आज लोभाचं काही लिहीत नाही. तोंड नाही.
दोन्का


वार्ना,
रविवार, १४ फेब्रुवारी १९९३

चि. दोन्कास,
आशीर्वाद, रागासकट.

पत्र वाचलं तेव्हा कांदा चिरत होते, त्यामुळे रडायचं कारण कोणाला सांगावं लागलं नाही.

हे पत्र हातात पडलं की कोट घाल आणि मेतोदीकडे जा. विचार करत बसू नकोस, तुझा विचार नेहमी तुझ्याच बाजूने निघतो. काम गेलं तर इथे ये. बटाटे सोलायला दोन हात लागतातच आणि तुझी बडबड खलाशांना आवडेल. पण म्हाताऱ्याच्या खुर्चीवर बसून तू मोजे शिवलेस तर मी त्या मोज्यांत पाय घालायची नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. म्हणजे तू अजून माझीच आहेस.
ताई


ब्याला रेका,
रविवार, २१ फेब्रुवारी १९९३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी सकाळी मिळालं. जेवणाच्या सुट्टीत मी मेतोदीच्या काचेच्या खोलीत गेले. खुर्ची दिली तरी बसले नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं की आजोबांऐवजी माझं नाव लिहा.

तो म्हणाला की त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बारा वर्षं माझं वार्तापत्र त्यानेच भिंतीवर टाचलं होतं, माझं अक्षर तो अंधारातही ओळखेल. आजोबांचं प्रकरण तर त्याने मंगळवारीच मिटवलं होतं. डायरेक्टरसाहेबांना सरळ सांगितलं की ते पत्रक मीच माझ्या हाताने लिहिलं, गंमत म्हणून. साहेबांनी त्याला रजा घ्यायचा सल्ला दिला.

मग मला तसं सांगून का टाकलं नाही, माझ्या येण्याची वाट का बघितली, असं मी विचारलं. तर म्हणाला की तू आली नसतीस तर मला जाताना वाईट वाटलं असतं.

जाताना म्हणजे कुठे, ते मला कळेना. तेव्हा त्याने खणातून शुक्रवारची यादी काढून दाखवली. चार नावं बायकांची, पाचवं त्याचं स्वतःचं. याद्या तो दोन आठवडे आधीच लिहून ठेवतो; खाली सही आणि तारीख, तीन फेब्रुवारी. ताई, मी त्याचं हृदय बंद पडल्याचं लिहिलं ते पाच तारखेला. त्याच्या दोन दिवस आधी हा माणूस स्वतःचं नाव लिहून बसला होता, आणि माझा कागद वाचून गप्प राहिला.

पाचवं नाव आधी कोणाचं होतं, असं मी विचारलं. त्याने सांगितलं नाही. म्हणाला की तेवढा वाईट मुकादम तो नाही. आता आम्ही बत्तीस जणी रोज मशीनवर बसतो आणि त्यांतली कोण त्याच्या नावामुळे वाचलीये, हे कोणालाच ठाऊक नाही.

त्याने दोन कामं सांगितली. एक, त्याच्या आईकडे मी स्वतः जाऊन सांगायचं. दुसरं, त्याचं पत्रक नव्याने लिहायचं, कारण पहिल्यात चूक होती. हृदय चालू आहे, फार चालतं म्हणून तर गोळ्या घ्याव्या लागतात.

सहा कागद फाडले. शुक्रवारी त्याने यादी डकवली आणि पहिल्यांदाच पाठ फिरवली नाही, तिथेच उभा राहिला. मग त्यानेच सगळ्यांदेखत विचारलं की मुकादमाचं पत्रक कुठे आहे, का मुकादम म्हणून त्याला चौकटसुद्धा मिळायची नाही. मी सातवा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की सव्वीस वर्षं आमच्यावर ओरडून आणि पाचवं नाव स्वतःचं लिहून मेतोदी मुकादम धडधाकट अवस्थेत आपल्या आईकडे गेला. त्याच्या मागे बत्तीस बायका आहेत, त्यांनी मशीन सुरू करताना रोज त्याची आठवण काढावी. चाळिसाव्या दिवसाचं जेवण तो स्वतः वाढेल. तो वाचून हसला, मग आम्ही हसलो, आणि मग स्पासआजोबा असे रडायला लागले की त्यांना धरून बसवावं लागलं.

काल गोर्ना लिपाला गेले. आजीला सांगितलं की तो कागद मी लिहिला होता. मला वाटलं, मलाही थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासमोर सूप ठेवलं. म्हणाली की याद्या लिहायची लाज वाटून मेतोदी ऑक्टोबरपासून गावात फिरकला नव्हता, मेल्यापासून मात्र रोज येतो. हे बोलून स्वतःच हसली. पण ताई, चमचा धरलेला तिचा हात हलत होता. आधी हलत नसे, असं मेतोदी म्हणाला. धुतलेला सूट तिने पेटीत ठेवला नाही, पलंगासमोर खुंटीवर टांगलाय. सकाळी उठून आधी तो रिकामा आहे ना, हे बघते.

परतताना ती मला थांब्यापर्यंत सोडायला आली. तिथे तिने नवं पत्रक स्वतः लावलंय, सगळ्या गावाने वाचावं म्हणून. त्याच्या शेजारी माझ्या जुन्या कागदाचा तुकडा अजून आहे. बाकीचा मेतोदीने फाडलाय, पण थंडीने खळ गोठली आणि फोटोतलं कपाळ आणि एक डोळा लाकडाला चिकटून राहिला. आजी म्हणाली की राहू दे, ऊन पडलं की पडेल. बस येईपर्यंत मी नखाने खरवडत होते. निघाला नाही.

लोभ असावा, हे आजवर मी सवयीने लिहीत आले. आज मागते आहे.
तुझी,
दोन्का