पाटीवरचा बंधू

३ मार्च, मंगळवार

आणि वर मलाच म्हणतो, "जागा अडवून ठेवलीस!" मी? मागच्या खोलीला जागा म्हणायचे होय? मोडक्या खुर्च्या आणि उंदरांच्या लेंड्या होत्या तिथे. मी झाडली, मी पुसली, मी मशीन उभं केलं. तेव्हा कुठे दादाला जागा दिसली!

लाकूड कोरायचं मशीन. कॉम्प्युटरवर नक्षी द्यायची, मोटर आपली आपण लाकडावर फिरते. रॉड, रेल, मोटरी सगळं सुटं आणलं. मोबाइलवर बघून बघून जोडतेय. त्यातल्या माणसाची भाषा कळत नाही, हात कळतात.

बाबा गेल्यापासून सुतारीचं दुकान दादाचं. मी पॉलिशपेपर घासणारी. गिऱ्हाइकाला सांगतो, "बहीण येते मदतीला." मदतीला! घासून घासून बोटांवर ठसे उरले नाहीत माझ्या. पाटीवर त्याचं नाव, पुढे "आणि बंधू". त्याला भाऊच नाही! म्हणे वजन येतं. नसलेला भाऊ चालतो, असलेली बहीण चालत नाही.

"महिनाअखेर खोली रिकामी कर, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो." बोलाव. मी इथेच आहे.

५ मार्च, गुरुवार

पंखे दुरुस्त करणाऱ्याने वायरी जोडून दिल्या. मशीन हललं! डावीकडे जा म्हटलं तर उजवीकडे गेलं. अगदी आमच्या घरातलं शोभतं.

९ मार्च, सोमवार

आज मशीनने स्वतःचा पाट सपाट केला. पहिलं काम हेच असतं. खालच्या फळीवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या आणि वरून पातं फिरवायचं. जिथे रेघ उरली तिथे खोलगट. सगळ्या रेघा जाईपर्यंत फिरवत राहायचं.

दादा दारात उभा. "अगं, हे तर स्वतःलाच खातंय! लाकडापर्यंत पोचणार कधी?"

म्हटलं, "आधी स्वतःला सरळ करतंय. माणसांत ही सोय नाही."

वहिनी हसली. मग तिलाही बोलणी बसली.

१२ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. कपाटाच्या दारांवर वेल कोरून हवी. दादा खांदा चोळत म्हणाला, "हाताने आता जमायचं नाही, बाई." खांदा खरंच दुखतो त्याचा. पटाशी धरली की तोंड वाकडं होतं. पण मशीनचं नाव काढेल तर शपथ!

मी आतूनच ओरडले, "जमेल! मी करते."

बाई गेल्यावर भडकला. "बिघडलं तर?"

"बिघडलं तर मशीन भंगारात. मी स्वतः उचलून देते. चांगलं झालं तर खोली माझी."

"ठरलं," म्हणाला. वहिनी साक्षीला.

१६ मार्च, सोमवार

बिघडलं. वेल दाराच्या कडेवरून बाहेर गेली. अर्धी पानं हवेत! दादा ओरडलासुद्धा नाही. नुसतं म्हणाला, "बघ." त्या "बघ"नेच जास्त झोंबलं.

जेवले नाही.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी ते दार पुन्हा बघितलं. पान न् पान बरोबर! देठसुद्धा. फक्त सगळीच्या सगळी वेल वीतभर सरकलेली. मशीन बिघडलं असतं तर वेडंवाकडं कोरलं असतं. हे तर सरळ रेषेत चुकलंय.

या मशीनला डोळे नाहीत. सुरुवात कुठून करायची ते आपण दाखवायचं, त्याला शून्य लावणं म्हणतात. बंद असताना कोणी हाताने ढकललं तर त्याला पत्ताच लागत नाही. नव्या जागेलाच जुनी समजतं बिचारं. मी शनिवारी शून्य लावून गेले होते. काल पुन्हा तपासलं नाही, तेवढं माझं चुकलं. पण ढकललं कोणी?

कोणी मशीन चालवलं असेल तर खुणा सापडतील म्हणून भुशाचं पोतं उपसलं. तळाशी फळीचे तुकडे. प्रत्येकावर मशीनने कोरलेलं एक फूल. पहिलं फाटलेलं, दुसरं बरं, तिसरं — चांगलं! कडेला लाल पेन्सिलीच्या खुणा. लाल पेन्सिल या दुकानात एकाच कानावर असते.

वहिनीला धरलं. आधी आढेवेढे, मग म्हणाली, "तू जेवायला गेलीस की आत जातात. कडी लावून. मला म्हणाले, तिला सांगशील तर याद राख."

म्हणजे माझ्या मशीनवर शिकतोय! चोरून! आणि भंगार म्हणतो! इतका राग आला — आणि मेलं हसूही. तोंडाने मागायचं की रे!

त्याला काही बोलले नाही. पण ढकललेल्या मशीनवरची पैज मी धरत नाही. शून्य लावलं, दोनदा तपासलं, नवीन दारं घेतली.

१९ मार्च, गुरुवार

दारं झाली. बाई वेलीवरून हात फिरवत राहिल्या. दादा पुढे होऊन म्हणतो, "आमच्याकडचं काम असंच असतं." आमच्याकडचं!

त्या गेल्यावर म्हणतो, "मशीन राहू दे. पण दुकानाचं म्हणून. मी बघतो त्याचं. पहिलं दार बिघडवलंसच ना? तू आपली पॉलिशला बस."

मी पॉलिशपेपर त्याच्या हातात दिला आणि घरी आले.

२० मार्च, शुक्रवार

तो लाकूड आणायला गेला तेवढ्यात नवी पाटी कोरली. त्याचं नाव तेच, पुढे "आणि बहीण". त्याच्या टेबलावर ठेवली, शेजारी त्याची तीन फुलं. मशीनची मोटर काढून घरी आणली. आता ते नुसतं टेबल आहे.

पाटीच्या मागच्या बाजूलाही कोरलंय:

"दादा, तिसरं फूल चांगलं आहे. पुढचं मी शिकवीन. आधी ही पाटी वर चढव. चढवणार की नाही, सोमवारी दुकान उघडायच्या आत सांग."